एका पैशाचा बिल्ला

"तीस रुपये?" मी घागर खाली ठेवली. "अहो, लेकीच्या रुखवतात मांडायचीय, देवळाचा कळस नाही घडवायचा!"

"तांबं आहे कुठं, शेठ? सगळं लढाईनं गिळलं. हे बघा, कशावर दिवस काढतोय," म्हणत तांबटानं भट्टीजवळची पाटी पुढं ओढली.

पाटीभर बिल्ले. माझ्याच दुकानाचे, तराजूची खूण असलेले! गावात सुटे पैसे मिळेनात, म्हणून आईची जुनी घागर मोडून मी ते शहरातून पाडून आणले होते. बिल्ला दाखवा, एका पैशाचा माल न्या. चांगले जाडजूड केले होते. हलकं काम आपल्या नावाला शोभत नाही. वर्षभरात शंभरसुद्धा दुकानात परत आले नाहीत, तेव्हा 'लोकांचा विश्वास बघा' म्हणत मी गावभर मिरवलो होतो.

"एका बिल्ल्याला दोन पैसे देतो मी. लोक रांग लावून आणून देतात."

मी घासाघीस सोडली. तीस रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि घागर घरी आणली.

बायकोनं ती बोटानं वाजवून पाहिली.

"अगंबाई! आवाज अगदी सासूबाईंच्या घागरीसारखा येतोय हो!"