ओके टेक

सिनेमा कसा बनतो यावरच वसुधा सिनेमा काढत होती. दिवंगत दिग्दर्शक विश्राम सरनाईकांना यंत्राने सेटवर पुन्हा उभं केलं होतं आणि त्यांची पत्नी इंदुमती स्वतःचीच भूमिका करत होती.

पहिला शॉट संपताच विश्रामरावांची प्रतिमा म्हणाली, "सुंदर! ओके."

इंदुमतीबाईंचा चेहरा पडला. "हे ते नव्हेत गं, वसुधा. पहिला टेक त्यांनी जन्मात ओके केला नाही."

वसुधाने यंत्राला विश्रामरावांच्या शूटिंगची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवली. पुढच्या टेकनंतर प्रतिमेने नकारार्थी मान हलवली. "इंदू, घाई केलीस. पुन्हा."

डोळे टिपून त्या पुन्हा जागेवर उभ्या राहिल्या. दुपार टळल्यावर कुठे "ओके" आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इंदुमतीबाई वसुधाला हळूच म्हणाल्या, "मला नाही पटला. अजून एक घेऊ या?"