पाचपर्यंत

संघमित्राचा फोन आला तेव्हा मीनाताई नवऱ्याच्या पाठीला पावडर लावत होत्या. हात भरलेले, म्हणून त्यांनी करंगळीने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, आई कुठंय? काकू, बाबा गेले. दोन वाजता. कोविड सेंटरवाले बॉडी थेट तुर्भ्याच्या स्मशानात नेतायत. पाचपर्यंत थांबतो म्हणाले. लांबून चेहरा दाखवतात. आईला पाठवा. आमच्या शेजारच्या कृष्णातमामांची रिक्षा निघालीय, तुमच्या गेटवर येईल."

मीनाताई म्हणाल्या, "बरं."

फोन बंद झाला. नंदकिशोर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अर्धांगवायूने वाचा गेली होती, कान शाबूत होते. बाथरूममध्ये संघमित्राची आई, दुर्गाबाई, नळ सोडून त्यांचीच चादर धूत होती. तिचा स्वतःचा मोबाइल गुरुवारी बादलीत पडून बंद झाला होता.

मार्चपासून ती करंजाड्याच्या या फ्लॅटमध्येच राहत होती, आणि आता जून संपत आला होता. सोसायटीचा नियम लिफ्टच्या दारावरच चिकटवलेला होता: एकदा बाहेर गेलेल्या कामवालीला परत प्रवेश नाही. मीनाताई अडुसष्टच्या, कंबरेला पट्टा. नंदकिशोरांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, उचलून बसवायचं, पुसायचं, ते सगळं दुर्गाबाईच करायची.

तेवढ्यात हॉलमधला टॅब वाजला. दर रविवारी याच वेळी पार्थचा व्हिडिओ कॉल यायचा.

"आई, बघ कुठे आहोत! नॉर्वे!" त्याने कॅमेरा फिरवला. तो आणि त्याची बायको ऋता कोपनहेगनला राहायचे. सुट्टीसाठी त्यांनी मोटरहोम भाड्याने घेतलं होतं. पलंग, गॅस, बेसिन, सगळं गाडीतच. खिडकीबाहेर निळं पाणी, काळे डोंगर, माणूस औषधाला नाही.

"पण काय छळ झाला माहितीये? स्वीडनमधून येऊ देत नाहीत, तिथे केसेस जास्त. मग गाडी बोटीवर चढवली. बंदरावर दोन तास नुसतं उभं केलं. कुठून आलात, कागद दाखवा. माणसाला असं अडवतात का गं?"

मीनाताई टॅब घेऊन बाल्कनीत गेल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं.

त्याच्या मागे ऋता ऑम्लेट करत होती. तिने गॅस बारीक केला.

"आई, ती गेली तर परत येणार नाही. कमिटी घेणारच नाही तिला. बाबांना कोण उचलणार? मला तर येताही येत नाही, फ्लाइट्स बंद आहेत."

"हो रे."

"आणि तिथे जाऊन ती करणार काय? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं असतं. उगाच स्वतःलाही लागण करून घेईल. तू दोन-तीन दिवसांनी सांग. तिच्याच भल्याचं आहे."

'भल्याचं' हा शब्द मीनाताईंना हवाच होता. त्यांनी तो घट्ट धरला.

त्या हॉलमध्ये आल्या तर दुर्गाबाई पदराला हात पुसत समोरच. "दादा हायेत व्हय? बघू." तिने टॅबमध्ये डोकावून पाहिलं. "अगं बया, गाडीतच चूल! आमच्या ह्यांचा जलम असाच गेला बगा, भाजीच्या ट्रकवर. गाडीतच निजायचं, गाडीतच स्टो पेटवायचा. आता सांगते त्यांना, मोठी मान्सं बी असंच ऱ्हात्यात म्हनून."

"मावशी, नेटवर्क जातंय इथे," पार्थ म्हणाला. चित्र गेलं.

चार वाजून दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, रिक्षा आलीय. दुर्गाबाईंना न्यायला."

"पत्ता चुकला असेल. पाठवून द्या."

"तो अर्जंट म्हणतोय."

"नियम आहे ना? मग पाठवा परत."

"कोन हाय?" दुर्गाबाईने विचारलं.

"पार्सलवाला."

दुर्गाबाई घुटमळली. "ताई, संघमित्राला फोन लावता का? परवा अ‍ॅडमिट केलं तवा लई ताप होता ह्यांना. जीव थाऱ्यावर नाय माजा."

मीनाताईंचा फोन बेडरूममध्ये उशीखाली होता. त्यांनीच त्याचा आवाज बंद केला होता.

"मगाशीच आला होता तिचा," त्या म्हणाल्या. "ताप उतरला म्हणाली."

दुर्गाबाई मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, मग रडता रडता हसली. आतून नंदकिशोरांचा आवाज आला, गुरासारखा, लांबलचक.

"आले, साहेब, आले. वळवायची येळ झाली न्हवं," म्हणत ती उठली.

मीनाताईंना बसवेना. त्यांनी कढईत तूप सोडलं, रवा घातला. कशासाठी, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. परतत राहिल्या. घड्याळाकडे पाठ करून उभ्या होत्या, तरी पाच वाजलेले त्यांना कळले. साखर नेहमीपेक्षा जास्त पडली.

पहिली वाटी त्यांनी दुर्गाबाईला दिली. तिच्यासाठी वेगळी ठेवलेली नव्हे, पाहुण्यांच्या सेटमधली. दुर्गाबाई वाटीकडे बघत राहिली. मग ती घेऊन आधी बेडरूममध्ये गेली. मीनाताई दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

दुर्गाबाईने चमच्यावर फुंकर घातली आणि तो नंदकिशोरांच्या ओठांना लावला. त्यांनी दात आवळले. डोळ्यातून पाणी उशीवर ओघळलं. तिने ते पदराने टिपलं, पुन्हा चमचा पुढे केला.

"घ्या की साहेब, एक घास," ती म्हणाली. "आमच्या ह्यांचा ताप उतरला म्हनून ताईंनी केलाय."