डाव्या बाजूने

ड्वेन पिकेटने टोपी काढून हातात धरली.

"ओळखलंस?"

"ओळखलं," कोच क्राउस म्हणाला. बाहेर मैदानावर शाळेची पोरं सराव संपवून हेल्मेटं काढत होती. त्याने खिडकी लावून घेतली.

बावीस वर्षांपूर्वी क्राउस अमेरिकेतल्या नेब्रास्कात एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता. चेंडू कुणाकडे फेकायचा, हे तो ठरवायचा. मोठ्या व्यावसायिक संघांची माणसं त्याला बघायला यायची. तो सहा वर्षांचा असल्यापासून बाप त्याच्याकडून रोज दोनशे वेळा चेंडू फेकून घ्यायचा. एका शनिवारी समोरच्या संघातला पिकेट डाव्या बाजूने धावत आला आणि त्याच्या गुडघ्यावर आदळला. धडक नियमात बसणारी होती. क्राउस उजवीकडे बघत होता, त्याला पिकेट दिसलाच नाही, असं सगळे म्हणाले.

गुडघा कायमचा गेला. इस्पितळात बाप रडला. क्राउसला काहीच वाटलं नाही. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो या गावातल्या शाळेत कोच झाला. पोरं जिंकोत की हरोत, त्याचा चेहरा तसाच.

पिकेट दर नाताळला माफीचं पत्र पाठवायचा. उत्तर कधीच आलं नाही.

"बायको जूनमध्ये गेली," पिकेट म्हणाला. "ती म्हणायची, पत्रं कसली लिहितोस, समोर जाऊन उभा राहा. म्हणून आलो."

"तू पुढे का खेळला नाहीस? तुला तर मोठ्या संघात घेणार होते."

"घेतलं की. पण कुणाच्या अंगावर जायचं म्हटलं की पाय अडायचे. महिन्याभरात घरी पाठवलं." पिकेट किंचित हसला. "पत्रात लिहिलं होतं मी सगळं. आता शाळेची बस चालवतो. सावकाश चालवतो म्हणून पोरं चिडवतात."

 पत्रं क्राउसने कधी फोडलीच नव्हती.

"एकदा म्हण, माफ केलं म्हणून," पिकेट म्हणाला. "मग निघतो."

क्राउसने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोलला तेव्हा आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

"मला त्या खेळातून सुटायचं होतं. बापाला सांगायची छाती नव्हती. तू येताना मला दिसला होतास, ड्वेन. चेंडू फेकायला वेळही होता. मी उभा राहिलो."