दाराचा मान

"थोडा वेळ पडद्यामागे थांब गं. पालखी गेली की ये बाहेर," घरमालकीण वैजयंतीकाकू म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांनी स्वयंपाकघराचा पडदा ओढलाही.

अक्षता मागे सरकली. ओट्याला पाठ टेकून खाली बसली. मांडीवर तिची तान्ही जाई झोपली होती. डोकं डाव्या हातावर कलंडलेलं, तो हात केव्हाच बधीर झालेला. तिने तो काढला नाही. जाईच्या टाळूला तेलाचा आणि दुधाचा वास येत होता. वर गॅसवर कुकर होता, जाईच्या मऊ खिचडीचा.

हे घणसोली गावातलं जुनं घर. काकू नि काका समोरच्या टॉवरमध्ये राहायला गेले आणि घर भाड्याने दिलं. आता तिथे अक्षता आणि तिचा नवरा धम्मपाल राहत होते. पण गावदेवीच्या पालखीचा मान या दाराला होता. जत्रेला पालखी इथे थांबायची. घरच्या बाईने पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी ओतायचं, मगच पालखी पुढे. म्हणून काकू दरवर्षी टॉवरमधून खाली यायच्या. आजही आल्या होत्या, नवी साडी नेसून, कळशी भरून.

"तुम्ही बौद्ध ना? तुमच्यात हे नसतंच," त्यांनी आल्या आल्या म्हटलं होतं. अक्षताने मान हलवली होती. नसतं, हे खरंच होतं. पुढच्या महिन्यात घराचं अ‍ॅग्रीमेंट संपत होतं. धम्मपालची कंपनी इथून चालत जाण्यासारखी, जाईचा डॉक्टर याच गल्लीत. तिला हे घर हवं होतं. तेवढंच कळत होतं. बाकी जे काही वाटायला हवं होतं, तेही जाईसारखंच झोपून गेलं होतं.

ढोल गल्लीत शिरले. पडद्याखालून तिला पाय दिसले. अनवाणी, धुळीने माखलेले. पाय थांबले.

काकूंनी कळशी उचलली.

"थांब, वैजयंती." पालखीपुढे चालणाऱ्या म्हाताऱ्या सीतारामबाबांचा आवाज. "यंदा गावाची बैठक झाली. अर्धं गाव टावरात गेलं. देवी काय लिफ्टनं वर येनार नाय. आता जिथं चूल पेटते, तिथं मान. या घरात चूल कुनाची पेटते?"

"आमचीच की, मामा," काकू म्हणाल्या.

आणि कुकरने शिट्टी दिली.

गल्ली खो खो हसली. "काकू, तुमी हितं, मग आत कोन शिजवतंय? भूत?" कोणीतरी ओरडलं.

काकूंचा आवाज खाली आला. "मामा, भाडेकरू आहेत हो. आपल्यातले नाहीत."

"देवीनं इचारलं का तुला? बोलव तिला. पोरांचे पाय भाजतात."

पडदा सरकला. काकूंनी कळशी पुढे धरली. त्या हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. "ये बाई. ओत. तुझाच मान आता."

जाईला खांद्यावर घेऊन अक्षता उठली. कळशीकडे पाहिलं. दारातल्या पालखीकडे पाहिलं. सगळे थांबले होते, तिच्यासाठी. मघाशी याच पडद्यामागे तिला बसवून ठेवलं होतं, तेही या पालखीसाठीच.

तिने हात लांब केला आणि गॅस बंद केला.

"चूल बंद आहे, बाबा," ती म्हणाली. "जाऊ द्या पालखी."

"वेडी झालीस का?" काकू कानाशी पुटपुटल्या. "दाराचा मान जाईल. राहायचंय ना तुला इथे?"

अक्षता जाईच्या पाठीवर थोपटत राहिली.

सीतारामबाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात केला. पालखी न टेकताच वळली.

अक्षता उंबऱ्यात येऊन बघत राहिली. मराठवाड्यातल्या तिच्या गावात पालखी त्यांच्या वस्तीच्या तोंडापर्यंत यायची आणि तिथूनच माघारी वळायची. लहानपणापासून तिने पालख्या वळतानाच पाहिल्या होत्या. तिच्या शब्दावर वळलेली ही पहिलीच.