सीलबंद योद्धा

“दोन्ही हात डावेच निघालेत,” मी फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं. “तलवार धरणारा उजवा हात कुठाय?”

“खेळणं कधी घेतलंत, सर?” कंपनीतल्या मुलीने विचारलं.

“चौदा वर्षांपूर्वी. पण खोकं आज सकाळी उघडलं. आम्ही संग्राहक सील तोडत नाही. तोडलं की किंमत गेली.”

“तक्रार तीस दिवसांत करायची असते, सर. मुलं तर घरी पोचायच्या आत खोकं फाडतात.”

माझी मुलगीही फाडायलाच निघाली होती, सहा वर्षांची असताना. मी तिच्या हातावर चापट मारली आणि तो योद्धा कपाटात कुलपात ठेवला. पुन्हा तिने कधी मागितला नाही. परवा ती शिकायला जर्मनीला निघाली, तेव्हा मीच खोकं तिच्यापुढे धरलं. “घे, उघड.”

“राहू दे, बाबा,” बॅगेची चेन लावत ती म्हणाली. “किंमत जाईल.”

“सर, मोठ्या वयाच्या ग्राहकांसाठी आम्ही काय सुधारावं?” फोनवरच्या मुलीने शेवटचा, ठरलेला प्रश्न विचारला.

“लिहून घ्या,” मी म्हणालो. “घरी न्यायच्या आधी दुकानातच फाडावं लागेल, असं खोकं बनवा.”