सुखरामची ओळ

मधुकरराव गुरुजींनी बोर्ड तिसऱ्यांदा वाचला. एकही चूक सापडली नाही, तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. लाखांदूरहून आणलेला पेंटर गोपीचंद विहाराच्या फाटकापाशी ब्रश पुसत बसला होता. नागपूरच्या भंतेजींची जीप आता कुठल्याही क्षणी येणार होती.

पाहुण्यांसाठी माहितीचा बोर्ड लावायचा, हा ठराव समितीचा. मजकूर गुरुजींचा. विहार कोणत्या साली बांधला, मूर्ती कुणी दिली, वंदना किती वाजता होते, सगळं ठसठशीत अक्षरांत उतरलं होतं. जागेविषयी एकच वाक्य होतं: 'पूर्वी येथे मोकळे मैदान होते.'

मैदान कसलं! गावची मेलेली ढोरं सोलायची ती जागा. छपन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर सुखरामने आपली सुरी इथेच पुरली आणि ढोर ओढायला पुन्हा गेला नाही. गावाने वर्षभर त्याला कामासाठी बांधावर उभं केलं नाही, तरी गेला नाही. आपल्या बापाचं तेवढं बोर्डावर यावं, असं म्हातारा तुलाराम बैठकीत हात जोडून म्हणाला होता. बाहेरचे लोक नाक मुरडतील, असं गुरुजींनी सुचवून पाहिलं. म्हातारा ऐकेना, तेव्हा त्यांनी हो म्हटलं. घरी कागद पुढ्यात घेतला आणि ढोरं सोलायची जागा लिहायची त्यांनाच लाज वाटली. सुखराम कागदावर आलाच नाही.

आता तोच तुलाराम धुतलेला सदरा घालून काठी टेकत येत होता. त्याला अक्षरओळख नव्हती.

"गुर्जी, माह्या बापाचं लिवलं न जी?"

"लिहिलं ना, बाबाजी."

वाचून दाखवा, म्हणाला. गुरुजींनी पेंटरकडे पाहिलं. पेंटर एकाएकी डब्यांची झाकणं लावण्यात गढून गेला. मग गुरुजी बोर्डासमोर उभे राहिले आणि तिथे नसलेलं वाचू लागले. सुखराम, सुरी, छपन्न साल, एकही गोष्ट सुटली नाही. म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला.

"कोनती ओळ हाये, दाखवा मले," तो म्हणाला. "पाहुण्यायले मीच दाखवीन."

वळणावर जीपचा भोंगा वाजला. गुरुजींनी घाईघाईत सगळ्यात खालच्या ओळीवर बोट टेकवलं आणि ते हार आणायला पळाले.

हार घेऊन परतले तोवर उशीर झाला होता. तुलारामने भंतेजींना वंदन करून थेट बोर्डापाशी आणलं होतं. बाकीचे पाहुणे मागे उभे होते. "येवढंच वाचा जी," असं म्हणत त्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. धरणीने आपल्याला पोटात घ्यावं, असं गुरुजींना झालं.

भंतेजी वाकले. त्यांनी ओळ मनातल्या मनात वाचली: 'कृपया पादत्राणे येथेच काढावीत.'

त्यांनी म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि त्या मातीवर अनवाणी उभे राहिले. त्यांचं पाहून मागच्या सगळ्यांनी काढल्या. एकाने तर मोजेसुद्धा काढले.

तुलारामने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. तो हळूच गुरुजींजवळ सरकला.

"तुमी उगाच भेऊन राहिले होते, गुर्जी. पाहा, वाचलं त्यायनं, अन् चपला काढल्या माह्या बापासाठी."