शववाहिकेचे नवे दिवे

हेडलाइट

“अप्पांना म्हणावं, शनिवारपर्यंत थांबा,” देवव्रत म्हणाला.

तो मंडळाचा अध्यक्ष. जोगेश्वरीच्या चाळीच्या चौकात, मंडळाच्या जुन्या शववाहिकेसमोर उभा होता. वर पहिल्या मजल्यावर सीतारामअप्पा न्यूमोनियाने घरघरत होते. मंडळ काढलं ते अप्पांनी. गिरणीतून सुटले की वर्गणीसाठी दारोदार फिरले. त्यांच्या अंत्ययात्रेला मालाडपासून मुलुंडपर्यंतचे सगळे गाववाले येणार होते. पालिकेची निवडणूक तोंडावर होती. असं मरण वॉर्डात रोज रोज येत नाही.

पण गाडीचे दिवे! पुढचे दोन विडीच्या टोकासारखे. मागचा एक होता, एक नव्हता. मागचं दार नीट लागत नव्हतं, पण त्याची फिकीर कुणाला नव्हती. शववाहिकेतून कोण काय चोरणार? देवव्रतने आधी बॅनर छापला, ‘संपूर्ण एलईडी शववाहिका’, आणि मग गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या सर्वेशला बोलावलं.

सर्वेशने पुढचे बल्ब बदलले. बटण दाबलं. चौकातली मांजरं पळाली.

“झकास!” देवव्रत म्हणाला. “माणूस गेला तरी उजेड पडला पाहिजे.”

इंडिकेटर

इथे घोळ झाला. अंत्ययात्रेत चारही इंडिकेटर चालू हवेत, असा देवव्रतचा हट्ट. संथ. गंभीर. नवे बल्ब बसले आणि इंडिकेटर पिसाळल्यासारखे लुकलुकायला लागले. टकटकटकटक. कुणीतरी व्हिडिओ काढला, त्याला बँजोची चाल जोडली आणि चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, नवरदेव कुठाय?

“काय वाट लावलीस रे?”

“भाऊ, एलईडी करंट कमी खातो. गाडीला वाटतं बल्ब उडाला, म्हणून ती बोंब मारते. हा रेझिस्टर जोडला ना, की तिला वाटतं जुनाच बल्ब आहे.” सर्वेशच्या तळहातावर बोटाएवढा, खाचाखाचांचा सोनेरी तुकडा होता.

“म्हणजे गाडीला बनवायचं?”

“हां.”

“ते येतं आपल्याला.”

मृणालिनी चहा घेऊन खाली आली होती. अप्पांची सून. नवरा गेल्यापासून घर आणि अप्पा, दोन्ही तिच्या एकटीवर.

“एवढ्याशा तुकड्यावर अडलंय सगळं?” तिने विचारलं.

“त्याच्यावरच, वहिनी. हा नमुना. असे चार लागतात. खटकन बसतात, खटकन निघतात. माल शनिवारी येईल.”

“आणि अप्पा?” देवव्रतने विचारलं. “डॉक्टर काय म्हणतो?”

“पवईला मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणतो. आम्हाला कुठलं झेपायला? नाहीतर दोन दिवस, म्हणाला.”

देवव्रतने बोटांवर मोजलं. शुक्रवार आडवा आला.

ऑक्सिजन

(हा दिवा नाही. पण मध्ये आला.)

त्याच संध्याकाळी पवईचा मोठा डॉक्टर चाळीचा जिना चढला. मागोमाग ऑक्सिजनचं मशीन, नर्स, सलाइनचा स्टँड. मशीनवर देवव्रतचा हसरा फोटो चिकटवलेला.

“शनिवार गाठून द्या, डॉक्टर,” देवव्रत हात जोडून म्हणाला. “पुढचं आम्ही बघतो.”

मृणालिनी उशाशी उभी होती. तिने ऐकलं आणि मान खाली घातली.

ब्रेक लाइट

पहिल्या झटक्यात लागले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पुन्हा इंडिकेटर

शनिवारी चारही तुकडे बसले. इंडिकेटर शहाण्यासारखे सावकाश लागू-विझू लागले. सगळ्यांनी चहा घेतला, टाळ्या वाजवल्या आणि अप्पांच्या खिडकीकडे बघितलं. मंडळी पांगली. कपबश्या गोळा करायला मृणालिनी मागे राहिली.

रविवारी सकाळी टकटकटकटक.

सर्वेशने आत हात घातला. तुकडे गायब.

“गर्दुल्ले, भाऊ. धातू दिसला की संपलं.”

“आता?”

“नवे मागवतो. येतील बुधवारपर्यंत.”

डॉक्टरला निरोप गेला, बुधवारपर्यंत ओढा. बुधवारी नवे बसले. गुरुवारी तेही गेले. देवव्रतने चौकात कॅमेरा लावला, पण तो गाडीकडे नाही, बॅनरकडे रोखलेला. निवडणुकीत बॅनर फाडणारेच जास्त.

डॉक्टर येत राहिला. भारीतली इंजेक्शनं येत राहिली. अप्पांनी आधी डोळे उघडले, मग तोंड. तोंडातून पहिली शिवी बाहेर पडली, ती नर्सला. नर्स मृणालिनीला म्हणाली, “आता काळजी नाही.”

रिव्हर्स

अप्पा उठून बसले. पेज मागितली. मृणालिनी पेज ओतत होती तोवर भिंतीला धरत धरत स्वतःच फळीपाशी गेले. पेजेबरोबर सुकट हवी, नाहीतर ती पेज कसली? त्यांनी सुकटीचा डबा काढला. झाकण उघडून आत हात घातला. मूठ बाहेर आली ती जड. मुठीत खाचाखाचांचे सोनेरी तुकडे होते, सुकटीच्या वासाचे.

“ह्या काय गो?”

खाली चौकात टकटकटकटक चालू होतं. देवव्रत सर्वेशवर खेकसत होता. मृणालिनीने खिडकी लोटून घेतली आणि पेजेची वाटी अप्पांपुढे ठेवली.

“तुमची औषधं, अप्पा.”